कॉस्टिक सोडा : बुळबुळीत विस्तव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या घरादारात ‘सोडा’ या एकाच नावाचे तीन पदार्थ वावरत असतात. भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर घालतो तो खायचा सोडा. मळके कपडे भिजवताना टाकतो तो धुण्याचा सोडा. आणि तिसरा कॉस्टिक सोडा. शाळेच्या पुस्तकात त्याला दाहक सोडा म्हटलेलं असतं. तिघांतही सोडियम आहे, तिघंही पांढरे, त्यामुळे नावावरून ते सख्खे भाऊ वाटतात. पण पहिला पोटात गेला तरी चालतो, दुसऱ्याने फार तर हात कोरडे पडतात, आणि तिसऱ्याचा एक थेंब डोळा घेऊन जाऊ शकतो. तरीही अंगावरच्या सुती कपड्यापासून स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यापर्यंत कितीतरी वस्तूंच्या मागे हा तिसराच उभा असतो.

त्याचे उपयोग सांगेनच. पण आज मला जास्त वेळ एकाच गोष्टीसाठी हवा आहे. कॉस्टिकने भाजलं, तर ते पुष्कळदा लगेच कळत नाही.

ॲसिडचा थेंब हातावर पडला की माणूस ओरडतो, हात झटकतो, नळाकडे धावतो. दुखणं हीच तिथे सूचना असते. कॉस्टिकचं पातळ द्रावण बोटांना लागलं तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात, एवढंच. आणि खरं म्हणजे तो साबणच असतो. तेलात कॉस्टिक मिसळलं की साबण तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तेल बाहेरचं नसतं, आपल्या कातडीतलं असतं. चार टक्क्यांचं द्रावण अंगावर राहिलं तर काही तास जाणवतही नाही आणि पंचवीस ते पन्नास टक्क्यांचं तीव्र द्रावणसुद्धा जाणवायला तीनेक मिनिटं घेतं, अशी नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. तीन मिनिटं म्हणजे कातडी खोलवर जाळायला भरपूर वेळ झाला.

ॲसिड आणि कॉस्टिक यांच्या भाजण्यात आणखी एक फरक आहे. ॲसिडमुळे कातडीतली प्रथिनं गोठतात, अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर गोठतो तशी. त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला आत शिरायला थोडा तरी अडथळा होतो. कॉस्टिक मात्र चरबीचा साबण करतं, प्रथिनं विरघळवतं आणि स्वतःची वाट स्वतःच मोकळी करत आत जात राहतं. वरून जखम किरकोळ दिसते, आत काम चालूच असतं.

आता हा पदार्थ येतो कुठून ते पाहू. पूर्वी धुण्याचा सोडा आणि चुना पाण्यात एकत्र उकळून तो करत. आज कच्चा माल आहे मीठ, पाणी आणि वीज. मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन, आणि पाण्यात कॉस्टिक सोडा राहतो. एक टन कॉस्टिकमागे सुमारे दीड टन मीठ लागतं आणि सोबत जवळजवळ नऊशे किलो क्लोरीन निघतोच निघतो, तो नको म्हणून चालत नाही. त्यामुळे कॉस्टिकचा कारखाना हा क्लोरीनचाही कारखाना असतो. कापडाला कॉस्टिक हवं म्हणून तो चालवायचा, तर क्लोरीन खपवायला प्लास्टिक, कीटकनाशकं, पाणी शुद्धीकरण ही गिऱ्हाइकं शोधावी लागतात. या धंद्याचं गणित गेली शंभर वर्षं याच जोडगोळीभोवती फिरतं आहे.

विसाव्या शतकात बराच काळ ही वीज पाऱ्याच्या वाहत्या थरातून सोडली जात असे. त्यात थोडा पारा सांडपाण्यातून आणि हवेतून बाहेर जाई. आपल्याकडे २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योग यांच्यात झालेल्या समझोत्यात पाऱ्याची पद्धत सोडण्याचं ठरलं आणि देशातले कारखाने टप्प्याटप्प्याने मेंब्रेनच्या, म्हणजे खास प्लास्टिकच्या पडद्याच्या पद्धतीवर गेले. यात वीजही कमी लागते. बदल पर्यावरणासाठी झाला की विजेच्या बिलासाठी, असं विचारलंत तर दोन्हींसाठी, असं मी म्हणेन.

कारखान्यातून हा माल दोन रूपांत बाहेर पडतो. एक म्हणजे टँकरमधून जाणारं अठ्ठेचाळीस-पन्नास टक्क्यांचं द्रावण, ज्याला धंद्यात ‘लाय’ म्हणतात. ते पाण्यासारखं दिसतं पण पाण्याच्या दीडपट जड असतं आणि थंडीत, बारा-पंधरा अंशांच्या आसपास, नळीतच थिजू लागतं. दुसरं रूप म्हणजे गोणीतून येणाऱ्या पांढऱ्या पापड्या, ज्यांना फ्लेक्स म्हणतात. पापडी हवेतला ओलावा इतकी ओढून घेते की उघड्यावर राहिली तर स्वतःच्याच पाण्यात विरघळते. गोणीखाली जमिनीवर साधं पाणी सांडल्यासारखं दिसतं, ते साधं पाणी नसतं.

उपयोगांची यादी लांबलचक आहे. मी दोन-तीनच ठिकाणी थांबतो. सुती कापड कोरं विणून आलं की त्यात कापसाचं मेण आणि सुताला लावलेली खळ असते. खळ काढून झाली की ते कॉस्टिकमध्ये उकळून मेण घालवतात, त्याशिवाय रंग नीट बसत नाही. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर इथल्या प्रोसेसमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. कापडावर ‘मर्सराइज्ड’ असं छापलेलं आपण वाचतो, तो शब्द जॉन मर्सर या इंग्रज माणसाच्या नावावरून आला. १८४४ मध्ये तो सुती फडक्यातून कॉस्टिकचं तीव्र द्रावण गाळत होता. फडकं आटलं, जाड झालं, पारदर्शक दिसू लागलं आणि रंगही जास्त घेऊ लागलं. त्याने १८५० मध्ये पेटंट घेतलं, पण कापड आटतं म्हणून गिरणीवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी होरेस लो याने कापड ताणून धरून तीच क्रिया केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकी आली. आज आपण पैसे देतो ते त्या चकाकीचे. कल्याणजवळ शहाडला होणारं रेयॉन हेही लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज कॉस्टिकमध्ये भिजवूनच सुरू होतं.

दुसरं ठिकाण ॲल्युमिनियमचं. कार्ल जोसेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ रशियात काम करत होता. सुती कापडावर रंग पक्का बसवायला लागणारा अल्युमिना स्वस्तात मिळावा म्हणून तो खटपट करत होता. १८८७-८८ मध्ये त्याने शोधलेल्या पद्धतीत बॉक्साइटची माती गरम कॉस्टिकमध्ये दाबाखाली शिजवतात. अल्युमिना विरघळतो, लोखंडाचा लाल गाळ मागे राहतो. कापडासाठी शोधलेली ही पद्धत पुढे साऱ्या ॲल्युमिनियम उद्योगाचा पाया झाली. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणींचं बॉक्साइट वर्षानुवर्षे बेळगावच्या कारखान्यात याच कामासाठी गेलं.

त्या लाल गाळात थोडं कॉस्टिक उरतंच. त्याचं काय होऊ शकतं ते हंगेरीत दिसलं. ४ ऑक्टोबर २०१० रोजी दुपारी आयका या गावाजवळच्या अल्युमिना कारखान्याच्या गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. लाल लाट कोलोंतार आणि देवेचेर या गावांत शिरली. दहा माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. अनेकजण गाळातून चालत बाहेर आले, भिजलेल्या कपड्यांनिशीच मदतीची वाट पाहत थांबले. पाण्याने भिजलो, चिखलाने माखलो, एवढंच त्यांना वाटलं. सुरुवातीला साध्या दिसलेल्या त्यांच्या पायांवरच्या जखमा पुढच्या काही दिवसांत खोल होत गेल्या. शेतकरी बांधव माती परीक्षणाच्या अहवालात सामू वाचतात. साडेसहा ते साडेसात असला की जमीन चांगली. त्या गाळाचा सामू तेराच्या घरात होता.

आपल्या गावात अल्युमिना कारखाना नाही, म्हणून निश्चिंत राहू नका. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या बॉड्यांच्या नळ्यांत क्षारांचे थर बसतात, ते सुटावेत म्हणून कॉस्टिक घालून उकळतात. दूध डेअरीच्या नळ्या आणि टाक्या एक-दोन टक्क्यांच्या गरम कॉस्टिकने धुतात. तेल गिरणीत खाद्यतेलातली आम्लता काढायला, कागद कारखान्यात लगद्याला, रद्दी कागदावरची शाई सोडवायला, बॉयलरच्या पाण्याच्या प्लांटमध्ये, सगळीकडे तेच आहे. तालुक्याच्या गावी एखादी डेअरी असेल तर कॉस्टिकच्या गोण्याही असतीलच.

मग ते हाताळायचं कसं? पहिला नियम द्रावण करताना. नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. विरघळताना ते एवढी उष्णता सोडतं, की तीन लिटर पाण्यात किलोभर पापड्या एकदम टाकल्या तर पाणी चूल न पेटवता उकळीच्या जवळ जातं. उलट केलं, म्हणजे पापड्यांच्या ढिगावर पाणी ओतलं, तर जिथे पाणी पडतं तिथेच ते उकळून उसळतं आणि तोंडावर येतं. म्हणून पाणी थंड हवं, पापड्या मूठमूठभर, ढवळत ढवळत. मूठ हा शब्द मापासाठी वापरला. घ्यायच्या मात्र लांब दांड्याच्या प्लास्टिकच्या किंवा लोखंडी डावाने.

दुसरा नियम भांड्याचा. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली चालत नाही. हे दोन्ही धातू कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, जो ठिणगीने पेट घेतो. जाड प्लास्टिकचं पिंप चांगलं. साधं लोखंड थंड द्रावणाला चालतं; गरम आणि तीव्र द्रावणात मात्र लोखंडाला वेल्डिंगच्या जागी तडे जाऊ लागतात. बॉयलरवाल्यांना हा आजार जुना ठाऊक आहे.

तिसरा नियम कपड्यांचा. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असा गॉगल, त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल, रबरी हातमोजे, रबरी एप्रन आणि गमबूट. कातडी हातमोजे नकोत; कातडं म्हणजे तरी काय, वाळवलेली कातडीच, कॉस्टिक त्यालाही सोडत नाही. आणि पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बुटावरून बाहेर सोडायची. आत खोचली तर अंगावर उडालेलं सगळं ओघळून बुटात साचतं आणि पाय त्यात भिजत राहतो. पावसाळी सवयीने माणसं पँट खोचतात, तेवढी मोडायला हवी.

चौथी गोष्ट पाइपांची. कॉस्टिकची गळती सुरुवातीला थेंबाने होते आणि तो थेंब वाळून जोडावर पांढरी खपली धरते. ती बोटाने खरवडून पाहायची नसते. जोडाला प्लास्टिकचं आवरण घालायचं म्हणजे फवारा उडाला तरी माणसावर येत नाही. आणि लाइन उघडण्याआधी पंप बंद, व्हॉल्व्ह बंद एवढ्याने भागत नाही. खालच्या वळणात माल साचलेला असतो, तो काढून पाण्याने लाइन धुवावी लागते.

मी हे का सांगतो? माझी उमेदीची वर्षं कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत गेली. तिथे एका फिटरने थांबलेल्या लाइनचा जोड सोडवला. वळणात साचलेलं द्रावण उसळून मानेवर आणि डाव्या डोळ्यात गेलं. गॉगल कपाळावर होता. मग धावपळ झाली. एकजण कॅन्टीनमधून लिंबू आणायला पळाला, कारण सोड्यावर लिंबू हे त्याला शाळेपासून माहीत होतं. दुसरा जीप काढायला गेला. तिसरा साहेबांना कळवायला. नळ बारा पावलांवर होता आणि त्याच्यापुढे रंगाचं पिंप ठेवलेलं होतं. दोन ओंजळी पाणी मारून त्याला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “किती वेळ धुतलंत?” उत्तर द्यायला कोणी पुढे येईना. त्या डोळ्याने त्याला पुढे फक्त उजेड कळत असे. बाकी माणूस तोच, सही तशीच झोकदार, पण यंत्रावरचं काम गेलं.

म्हणून पुढचं नीट ऐका. कॉस्टिक अंगावर पडलं तर औषध एकच, पाणी. भरपूर, ताबडतोब आणि बराच वेळ. लिंबू नको, व्हिनेगर नको. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात हे परीक्षानळीत बरोबर आहे, पण कातडीवर ते करताना उष्णता निघते आणि मुख्य म्हणजे लिंबू शोधण्यात वेळ जातो. हळद, तेल, तूप, टूथपेस्ट यातलं काहीही नको. कोरड्या पापड्या असतील तर आधी झटकायच्या. कपडे, बूट, घड्याळ, अंगठी काढायची. बनियन डोक्यावरून न ओढता कापायची. लाज बाळगायची वेळ ही नव्हे. दुखत नाही म्हणून पाणी थांबवायचं नाही. बुळबुळीतपणा आहे तोवर कॉस्टिक आहे.

डोळ्यात गेलं असेल तर दोन माणसं लागतात. जखमी माणूस डोळा गच्च मिटून घेतो, ते स्वाभाविकच आहे. दुसऱ्याने दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, मान त्या बाजूला कलती करायची आणि नळाचं, तांब्याचं, मिळेल ते स्वच्छ पाणी सतत सोडायचं. डोळा इकडेतिकडे फिरवायला सांगायचं. किमान अर्धा तास. गाडीत घातलं तरी बाटलीने धुणं चालू ठेवायचं. आधी धुणं, मग दवाखाना, हा क्रम उलटा करू नका. डोळ्यांच्या दवाखान्यात कागदाची पट्टी लावून सामू पाहतात आणि तो नेहमीसारखा होईपर्यंत पुन्हा धुतात. कारखान्यांसाठी रूढ मानक असं आहे, की डोळे धुण्याचं कारंजं आणि वरून धो धो पडणारा शॉवर कामाच्या जागेपासून दहा सेकंदांच्या वाटेवर हवा आणि त्याने पंधरा मिनिटं तरी पाणी द्यायला हवं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. पण शॉवरची साखळी ओढली तर पाणी येतं का, हे कायदा रोज सकाळी येऊन पाहणार नाही. ते पाळी सुरू करणाऱ्यानेच पाहायचं. पंधरा सेकंद लागतात. उन्हाळ्यात वरच्या टाकीचं पाणी कढत झालेलं असतं, तेही तेव्हाच कळतं.

आता घराकडे येऊ. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पुड्यांमध्ये बहुधा कॉस्टिकच असतं. ती पुडी टाकून वर ॲसिड ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. मोरीतून उकळतं पाणी तोंडावर उडतं ते त्यामुळे. एका वेळी एकच काहीतरी वापरा आणि नळीवर वाकून पाहू नका. बचत गटातल्या भगिनी साबण, लिक्विड सोप करतात. त्यात कॉस्टिकचं प्रमाण चमच्याने नव्हे, वजनाने मोजा, लहान मुलं शाळेत गेल्यावर काम काढा आणि गॉगलचे थोडे पैसे खर्चात धरा. आणखी एक गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की धोक्याची वाटतच नाही, ती म्हणजे तंबाखूच्या चुन्याची ट्यूब किंवा पुडी. चुनाही याच जातीचा. मुलं पुडी दाबून खेळतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात जातो. नेत्रतज्ज्ञांकडे अशी मुलं येत असतात. तिथेही उपाय हाच. फक्त पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण पाण्याने निघून गेले आहेत ना, हे पाहावं लागतं, कारण कण राहिला तर तो झिरपत राहतो.

शेवटचं, गिळण्याबद्दल. कॉस्टिकचं द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत फार आहे आणि ते दिसतंही पाण्यासारखंच. एखाद्या मुलाने घोट घेतला तर उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. मिठाचं पाणी, लिंबू, काही पाजू नका. तोंड बाहेरून धुवा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. ओठांवर काही दिसत नाही म्हणून घरी थांबू नका. आतली अन्ननलिका भाजलेली असू शकते आणि काही आठवड्यांनी ती आखडत जाऊन घास उतरेनासा होतो. जाताना ती बाटली किंवा पुडी सोबत घ्या, झाकण घट्ट लावून, उभी धरून.